मूर्तिकाराची कंबर: एका चित्रशाळेतला प्रकरण अभ्यास

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गणपतीच्या चित्रशाळेचे मालक, वय ५२, २०२४ च्या जुलैत पहिल्यांदा माझ्याकडे आले. पुतण्याने धरून आणले होते. कंबरेला रुंद पट्टा, तो इतका आवळलेला की सोडल्यावर पोटावर वळ दिसले. खुर्चीत बसताना दोन्ही हात मांड्यांवर टेकून, श्वास रोखून, सावकाश खाली आले. बसल्यावर पहिलेच वाक्य: "बाय, चतुर्थी दोन महिन्यांवर आली आणि मला जमिनीवर बसायचं नाही म्हणून सांगितलंय. माती काय उभ्यानं मळू?"

मी फिजिओथेरपिस्ट. कंबरदुखीचे रुग्ण आमच्याकडे रोजच येतात, त्यातल्या बहुतेकांचे लिहून ठेवण्यासारखे काही नसते. चार-सहा आठवड्यांत ती माणसे कामाला लागतात. हे प्रकरण लिहावेसे वाटले, कारण साधी कंबरदुखी लांबते कशी आणि ती लांबवण्यात कोणाकोणाचा हात असतो, हे यात फार स्वच्छ दिसते. त्या मूर्तिकारांच्या, मी त्यांना काका म्हणते, संमतीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शाळा आणि माती

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. इथे गणपती बहुतेक दुकानातून येत नाही, शाळेतून येतो. कोणत्या घराची मूर्ती कोणत्या चित्रशाळेत, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. लोक आपला पाट आधीच आणून ठेवतात, त्या पाटावर मूर्ती बसते आणि चतुर्थीला किंवा आदल्या दिवशी घरी जाते. एकदा पाट ठेवून घेतला की मूर्तिकाराला मागे फिरता येत नाही. काकांकडे दरवर्षी साठेक पाट येतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना गोव्यात बंदी आहे आणि काकांच्या वडिलांनी तर ते कधी हातातच धरले नव्हते, त्यामुळे सगळे काम चिकणमातीचे. माती जड. घमेलेभर ओली माती तराजूवर ठेवून पाहिली, वीस किलोच्या वर भरली.

शाळा हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नाही. दिवसा ते पणजीत एका सरकारी कार्यालयात कारकून. डिचोलीहून बसने जायचे, दिवसभर खुर्चीत, संध्याकाळी परत. शिगमो (शिमगा) होऊन गेला, आंबे-काजूचा मोसम सरला की मे अखेरीस माती येते आणि मग ऑफिसमधून आल्यावर रात्री अकरा-बारापर्यंत काम. श्रावणात रजा टाकून पहाटेपर्यंत. गणपती पाण्यात गेले की पुढचे आठ महिने घमेल्याला हात नाही.

या वेळापत्रकाकडे नीट पाहिले तर निम्मे निदान तिथेच आहे. मला ते पहिल्या भेटीत विचारून घ्यायला अर्धा तास लागला, पण तो अर्धा तास एमआरआयपेक्षा जास्त उपयोगी पडला.

काय घडले

जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागला त्या आठवड्यात, अंगणातल्या मातीवरचे प्लास्टिक वाऱ्याने उडाले. काका आणि पुतण्या यांनी धावपळीत सगळी माती पडवीत आणून टाकली. तेव्हा काही झाले नाही. दोन तास मांडी घालून मळणी झाली, आणि मग बाजूचा एक गोळा, मोठाही नव्हे, उचलायला वळले तोच कंबरेत चमक भरली. उजवीकडे, पट्ट्याच्या रेषेखाली. उठता येईना. रात्रभर कूस बदलता आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईने शेजारच्या पायाळू बाईला बोलावले. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याची लाथ कंबरेला लागली की उसण उतरते, असा आपल्याकडे सगळीकडे समज आहे. बाईंनी तीन हलक्या लाथा मारल्या. हसू येते खरे, पण या उपचारात मला एक गोष्ट आवडते: लाथ बसली की माणसाने उठून चार पावले टाकायची असतात. काकांनी टाकली, आणि थोडे बरेही वाटले. गोष्ट तिथेच संपू शकली असती.

पण तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणाले, एमआरआय काढून घ्या, उगाच अंगावर काढू नका. काढला. रिपोर्टमध्ये आले: एल४-एल५ आणि एल५-एस१ या, म्हणजे कंबरेच्या अगदी खालच्या, दोन ठिकाणच्या चकत्यांतले (मणक्यांमधल्या गाद्यांतले) पाणी कमी झालेले, दोन्ही चकत्या थोड्या फुगलेल्या, मणक्यांच्या कडांना झीज. रिपोर्ट घेऊन ते ज्या खासगी दवाखान्यात गेले तिथे पाच मिनिटांत निकाल लागला. गादी झिजली आहे, वाकायचे नाही, जमिनीवर बसायचे नाही, वजन उचलायचे नाही, पट्टा चोवीस तास, तीन आठवडे पूर्ण विश्रांती. "नाहीतर नस दबून पाय जातील." हे शेवटचे वाक्य काकांनी मला दोनदा सांगितले, दोन्ही वेळा तेवढ्याच हळू आवाजात.

तीन आठवडे ते आडवे होते. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, ताट अंथरुणात आणून देत. कोणी भेटायला आले की आपल्या किंवा मेव्हण्याच्या ऑपरेशनची कथा सांगून जाई. गोळ्या संपल्या की पुतण्या फार्मसीतून त्याच पुन्हा आणी. दुखणे पहिल्या आठवड्यात उतरले होते ते तिसऱ्या आठवड्यात परत चढले. मधल्या काळात पाट येत राहिले. दारातून आत येणारा प्रत्येक पाट त्यांना अंथरुणातून दिसत होता.

तपासणी

पहिले काम नेहमी एकच: हे साधे दुखणे आहे की त्यामागे काही घातक आहे. लघवी अडते का, किंवा नकळत होते का? शौचावरचा ताबा? दोन्ही मांड्यांच्या मधल्या, म्हणजे सायकलच्या सीटला टेकणाऱ्या भागात बधिरपणा? पाय ओढला जातो का, चप्पल निसटते का? ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे? कधी कर्करोग झाला होता का? पडझड, अपघात? दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या? झोपेत कोणत्याही कुशीवर न थांबणारी कळ? आपल्या देशात मणक्याचा क्षय अजूनही दिसतो, त्यामुळे बारीक ताप आणि वजन उतरणे यांची चौकशी मी कधी गाळत नाही. चाळिशीच्या आतला रुग्ण असेल तर सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो आणि हालचालीने तो कमी होतो का, हेही विचारते. तो संधिवाताचा एक निराळाच प्रकार असू शकतो. यांपैकी काही असते तर मी व्यायामाचा शब्दही काढला नसता. लघवी अडणे आणि बैठकीचा बधिरपणा असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, त्याच रात्री बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पोचायचे. तिथे तासांचा हिशेब असतो.

काकांच्या बाबतीत सगळी उत्तरे 'नाही'. टाचांवर चालले, चवड्यांवर चालले. गुडघ्याचे आणि घोट्याचे प्रतिक्षिप्त झटके दोन्हीकडे सारखे. उताणे झोपवून पाय सरळ वर उचलला तर उजवीकडे सत्तर अंशांवर कंबर ओढली, पण गुडघ्याखाली कळ गेली नाही. म्हणजे नस दबल्याची लक्षणे नव्हती. त्यांना मात्र आपल्याला सायटिका आहे याची खात्री होती.

वाका म्हटल्यावर बोटे मांडीच्या मध्यापर्यंत गेली आणि पूर्ण अंग ताठ झाले. पाठीचे स्नायू हाताला लाकडासारखे लागत होते. गंमत पुढे झाली. तपासणी संपवून मी लिहीत बसले होते. काका पुतण्याशी बोलत बोलत बाकावर बसले आणि खाली पडलेले एमआरआयचे पाकीट उचलायला सहज वाकले, बोटे पार जमिनीला टेकली. त्यांच्या लक्षातही आले नाही. मी काही बोलले नाही. ते ढोंग करत होते असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. 'वाका' हा हुकूम ऐकला की शरीर धोक्याची तयारी करत होते. लक्ष दुसरीकडे असताना ती तयारी नव्हती, एवढेच.

मोजमाप म्हणून दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. ऑस्वेस्ट्री निर्देशांक, ज्यात रोजच्या व्यवहारांवर दुखण्याचा किती परिणाम आहे ते टक्क्यांत येते: ४६ टक्के, म्हणजे गंभीर गटात. दुसरी इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाची स्टार्ट बॅक, नऊ प्रश्नांची. दुखणे लांबण्याचा धोका किती, हे ती सांगते. त्यातले पाच प्रश्न भीती, चिंता, निराशा यांच्याशी संबंधित आहेत. काकांनी एकूण सात ठिकाणी होकार दिला, त्या पाचांपैकी पाचही. 'माझ्यासारख्या माणसाने हालचाल करणे धोक्याचे आहे' या वाक्यापुढे खूण करताना त्यांनी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही.

निदान मी असे लिहिले: नसेचा सहभाग नसलेली, विशिष्ट कारण न सापडणारी कंबरदुखी, पाचवा आठवडा, कारण बहुधा आठ महिन्यांच्या खंडानंतर एकदम वाढलेला भार, दुखणे टिकवणारे घटक: भीती, विश्रांती, झोपमोड, घरातली काळजी. 'विशिष्ट कारण न सापडणारी' हे शब्द रुग्णांना आवडत नाहीत. पण कंबरदुखीच्या दहांतल्या नऊ रुग्णांमध्ये असे एकच बोट ठेवण्याजोगे कारण सापडत नाही, आणि खोटे नाव देण्यापेक्षा हे सांगितलेले बरे.

पाकिटातला आजार

दुसऱ्या भेटीत व्यायाम नाही, फक्त तो रिपोर्ट वाचला. ओळीने, मराठीत.

मी त्यांना १९९४ चा एक अभ्यास सांगितला: कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्क्यांत किमान एक चकती फुगलेली निघाली. मग २०१५ चे मोठे संकलन: ३३ अभ्यास, ३,११० माणसे, सगळी दुखण्याशिवायची. पन्नाशीच्या वयात ८० टक्क्यांच्या चकत्यांत झीज, ६० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या. म्हणजे चमक भरायच्या आदल्या दिवशी एमआरआय काढला असता तरी बहुधा हाच रिपोर्ट आला असता. शिवाय 'गादी सरकली' असे आपण म्हणतो, पण चकती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट धरलेली असते, पाटासारखी सरकून बाहेर येत नाही. आतला भाग खरोखर बाहेर आलेला असला तरी पुष्कळ रुग्णांत शरीर तो हळूहळू शोषून घेते.

काका बराच वेळ फिल्म उजेडाला धरून बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मूर्ती सुकताना बारीक चिरा पडतात तसं. चीर दिसते म्हणून मूर्ती मोडत नाही."

याहून चांगले मला सांगता आले नसते. पुढे मी इतर रुग्णांना हेच सांगू लागले, अर्थात उसने घेतले आहे हे सांगून.

एमआरआय वाईट नाही. वर सांगितलेली धोक्याची चिन्हे असतील, पायात ताकद कमी होत असेल, शस्त्रक्रियेचा विचार असेल तर तो हवाच. पण साध्या कंबरदुखीत तिसऱ्या दिवशी काढलेला एमआरआय उपचार बदलत नाही, माणूस बदलतो. आणि रिपोर्टसोबत 'पाय जातील' हे वाक्य आले की त्याच्या पुढे गोळ्यांचे काही चालत नाही.

विश्रांतीचेही तसेच. १९८६ मध्येच दाखवून झाले आहे की सात दिवसांपेक्षा दोन दिवसांच्या विश्रांतीचा सल्ला मिळालेले लोक कामावर लवकर गेले आणि त्यांचे काही बिघडले नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीत तर अंथरुण, व्यायाम आणि 'जमेल तसे नेहमीचे व्यवहार' अशी तिघांची तुलना झाली. शेवटचा गट सर्वांत लवकर सुधारला. याला इतकी वर्षे झाली तरी तीन आठवड्यांची विश्रांती कागदावर लिहून मिळते, याचे मला अजून नवल वाटते.

पट्टा, गोळ्या आणि घरची माणसे

पट्टा एकदम काढला नाही. आधी झोपताना, मग घरात वावरताना, मग बाहेर. दहा-बारा दिवसांत तो खुंटीवर गेला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत पट्टे, ओढ देण्याचे उपचार आणि अफूजन्य वेदनाशामके नकोत असे म्हटले आहे. माहिती देणे, व्यायाम, मानसिक आधाराचे उपचार यांना पाठिंबा आहे. मालिशलाही जागा आहे, त्यामुळे आईच्या हातचे तेल मी बंद केले नाही. काकांचे दुखणे तेव्हा तीन महिन्यांच्या आतले होते, पण या बाबतीत फारसा फरक पडत नाही.

गोळ्यांचा प्रश्न त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सोपवला. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस उपयोगी पडतात, पण पोट, मूत्रपिंडे आणि रक्तदाब यांची किंमत मोजून. महिनाभर आपल्या मनाने खायच्या त्या नव्हेत. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, तो चढलेला होता. गोळ्या बंद झाल्या.

घरच्यांशी बोलणे सगळ्यांत कठीण गेले. वहिनी त्यांना पाण्याची कळशीही उचलू देत नव्हत्या, आणि त्यात प्रेमच होते. मी त्यांना म्हटले, "वहिनी, कळशी त्यांनाच आणू द्या. आज अर्धी, पुढच्या आठवड्यात भरलेली." त्यांनी माझ्याकडे पाहिले ते 'तुमच्या नवऱ्याला सांगा' अशा नजरेने. पण आणू दिली.

मातीनेच व्यायाम

काकांना दवाखान्यात रोज बोलावून यंत्रांखाली झोपवायचे नाही, हे मी ठरवले होते. त्यांच्याकडे वेळ नव्हता आणि शाळेत वजनांची काही कमी नव्हती. म्हणून आठवड्यातून एकदा मीच शाळेत जायचे ठरले.

चालण्याने सुरुवात केली. पावसात रस्त्यावर कुठे चालणार? गावच्या देवळाचा सभामंडप मोठा आहे. सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे तिथे फेऱ्या. दर आठवड्याला थोडे वाढवत अर्ध्या तासावर गेलो. त्याच जूनमध्ये ऑस्ट्रेलियातला ७०१ माणसांचा चालण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता: कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्ध्या तासापर्यंत चालायला लावले, सोबत थोडे मार्गदर्शन. या गटातल्या निम्म्या लोकांचे दुखणे उलटायला २०८ दिवस लागले, काही न करणाऱ्यांत ११२. खर्च चपलेचा.

दुसरे, वाकणे. ज्या हालचालीची भीती, तीच थोडी थोडी. आधी उताणे झोपून गुडघे छातीशी. मग चार पायांवर येऊन पाठ वर-खाली. मग स्टुलावर बसून हात जमिनीकडे. मग उभ्याने. प्रत्येक पायरीला मी विचारायचे, "काय होईल असं वाटतं?" आणि केल्यावर, "झालं का?" हे दोन प्रश्न कंटाळवाणे वाटतील, पण सगळी मेख तिथे आहे. दुखणे थोडे वाढले तरी चालेल, रात्रीपर्यंत उतरले पाहिजे आणि दुसऱ्या सकाळी कालच्यापेक्षा जास्त नको, एवढा नियम.

तिसरे, वजन. पुतण्याने मातीचे गोळे वजन करून फडक्यात बांधून ठेवले: दोन किलो, चार, सात, दहा. जमिनीवरून कट्ट्यावर, कट्ट्यावरून जमिनीवर, आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. गुडघ्यात वाकून पाठ ताठ ठेवूनच उचला, असे मी बजावत बसले नाही. उचलण्याची 'योग्य' पद्धत शिकवून कंबरदुखी टळते असे अभ्यासांत दिसलेले नाही. वस्तू अंगाजवळ घ्या, घाई करू नका, श्वास रोखू नका, एवढे पुरते. दहा किलोचा गोळा पहिल्यांदा वर गेला तेव्हा काकांनी तो परत खाली ठेवला आणि पुन्हा उचलला, माझ्यासाठी नव्हे, स्वतःची खात्री करायला.

चौथे, जमिनीवर बसणे. सुरुवात पाच मिनिटांनी, बुडाखाली वीतभर उंच चौरंग. मोबाइलवर घंटा लावली. घंटा वाजली की उठायचे, दुखत असो वा नसो. दुखेपर्यंत बसायचे आणि मग उठायचे, या सवयीत शरीर बसणे आणि दुखणे यांची सांगड घालून ठेवते. घंटेला ते आधी वैतागले. कलाकाराला मधेच उठवणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. तोंडाची घडण चालू असताना घंटा बंद, असा करार झाला. पण ते काम दिवसाला एकच मूर्ती.

कामाची मांडणीही थोडी बदलली. मळणीचे काम उंच लाकडी बाकावर आणले, ते उभ्याने होते. रंगकाम जुन्या जेवणाच्या टेबलावर. दीड फुटाहून उंच मूर्ती हलवायला दोघे. वाकणे वाईट आहे म्हणून हे केलेले नाही. भार एका ठिकाणी साचू नये म्हणून. आणि साठ पाटांपैकी एकोणीस पाट त्यांनी स्वतः जाऊन बाजूच्या गावच्या शाळेत नेऊन दिले. हा निर्णय त्यांना सगळ्यांत जड गेला. एका घरचे म्हातारे यजमान रागावले, आमचा गणपती तुमच्या बापाच्या हातचा, म्हणाले. पण पाट परत नेला नाही, तो पाट काकांकडेच राहिला. म्हणून एकोणीसच, वीस व्हायचे होते.

आखणीची रात्र

नागपंचमी झाली. दुखणे दहापैकी सहावरून दोन-तीनवर आले होते, झोप लागत होती, ऑफिसही सुरू झाले होते. ऑस्वेस्ट्री १८ टक्के. मग ऑगस्टच्या अखेरीस आखणी सुरू झाली. डोळ्यांची आखणी हे मूर्तीचे शेवटचे आणि सगळ्यांत नाजूक काम, ते काका कोणाला करू देत नाहीत. एका रात्री अकराला बसले ते अडीचला उठले, मान खाली, कोपर गुडघ्यावर, घंटा बंद. सकाळी पुन्हा तीच चमक. दहापैकी सात.

वहिनींचा फोन आला. आवाजात जूनचा महिना होता. "झोपवून ठेवू का त्यांना?"

दुखणे असे उलटले तर काय करायचे, याची एक चिठ्ठी आम्ही आधीच लिहून ठेवली होती, मूर्तींच्या फळीवर चिकटवलेली. त्यात लिहिले होते: दोन दिवस सगळे निम्मे करा, शून्य नको. चालणे निम्मे, वजन निम्मे, बसणे निम्मे. गरम शेक. पायात ताकद कमी वाटली किंवा लघवीची तक्रार आली तर लगेच फोन. नाहीतर तिसऱ्या दिवशी पूर्ववत. वहिनींनी ती मला फोनवर वाचून दाखवली, मी फक्त हो म्हटले. त्या दिवशी काका सभामंडपात पाच फेऱ्या मारून आले, आणि चौथ्या दिवशी परत आखणीला बसले, या वेळी घंटा लावून.

माझ्या मते या प्रकरणातला खरा उपचार तोच आठवडा. जूनमध्ये जे घडले तेच पुन्हा घडले, तेवढेच दुखले. फरक इतकाच की या वेळी त्याला तीन आठवड्यांचे अंथरुण आणि पाकीट जोडले गेले नाही.

७ सप्टेंबरला चतुर्थी होती. एक्केचाळीस मूर्ती पाटांवरून घरोघर गेल्या. स्वतःच्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, त्यांनी पुतण्याकडून बांधून घेतली, कारण शिडीवर चढून डोक्यावर हात धरून तासभर उभे राहणे आम्ही सरावात घेतले नव्हते. आरत्यांना उभे राहिले. ऑस्वेस्ट्री १२ टक्के.

कितपत श्रेय कशाला

एका रुग्णावरून फार मोठे काही सिद्ध होत नाही. ताज्या कंबरदुखीतले पुष्कळ लोक पहिल्या सहा आठवड्यांत आपोआपच बरेचसे सुधारतात, आणि काका त्यांतले असू शकतात. पाचव्या आठवड्यात मात्र त्यांचा आलेख खाली न जाता वर चालला होता, हे खरे. आईच्या मते गुण लाथेचाच, फक्त उशिरा आला.

माझा भर वेगळ्या गोष्टीवर आहे. काकांची कंबर मातीने बिघडवली नाही. तीस वर्षे ती माती त्यांनी उचलली आहे. आठ महिने खुर्ची आणि बस, आणि मग आठवड्याभरात घमेल्यांवर घमेली, ही उडी कंबरेला झेपली नाही. वय वाढते तशी ती दरवर्षी थोडी कमी झेपत गेली. काजूच्या मोसमात डोंगरावर बोंडू वेचणाऱ्या बायका, पावसाआधी कौले चाळणारे, माटोळीचे सामान आणायला रानात जाणारे, यांच्या कंबरा धरतात त्याही मोसमाच्या पहिल्या पंधरवड्यात. मला तरी असेच दिसते.

म्हणून प्रतिबंधाची आखणी मोसमाच्या बाहेर केली. आठवड्यातून पाच दिवस चालणे चालू आहे. ऑफिसात तासाने उठून फाइल स्वतः नेऊन देतात, शिपायाला हाक मारत नाहीत, शिपाई खूश. आठवड्यातून दोनदा गोळे उचलणे, आता पंधरा किलोपर्यंत. व्यायाम आणि माहिती यांची जोड कंबरदुखी उलटण्याचा धोका ठळकपणे कमी करते, ४५ टक्क्यांनी असा २०१६ च्या एका संकलनाचा निष्कर्ष आहे. बुटांतल्या गाद्या आणि पट्टे यांनी तसे काही होत नाही. पण व्यायाम सोडला की हा फायदा ओसरतो, म्हणून तो कंटाळवाणा नसलेलाच बरा. काकांनी फेब्रुवारीतच थोडी माती आणली, लहान मुलांना मूर्ती करायला शिकवायचे निमित्त काढून. रविवारी सकाळी दोन तास. मे महिना येईपर्यंत हात आणि कंबर दोन्ही मातीला सरावलेली असतील असा बेत आहे.

दुखणे पूर्ण गेलेले नाही. बसने लांबचा प्रवास झाला, झोप कमी झाली की उजवीकडे ओढ जाणवते, दोन दिवसांत जाते. तंबाखू सुटलेली नाही, त्यावर आमचे अजून भांडण चालू आहे. आणि यंदा एका सार्वजनिक मंडळाने चार फुटी मूर्तीची मागणी केली आहे. काका हो म्हणून बसले. पुतण्या आता लोहाराकडून चाकांची चौकट करून घेतो आहे, मूर्ती पहिल्या गोळ्यापासून तिच्यावरच घडवायची म्हणजे उचलण्याचा प्रश्न मंडळाच्या पोरांवर, तोही एकदाच.